सभासद भेट २०२४ : पॉवर बँक खरेदीच्या नोंदी

२९ जून २०२४

संचालक मंडळाच्या सभेत यंदाची सभासद भेट ठरली: पॉवर बँक. त्याआधी नेहमीची यादी फिरून आली. कॅसरोल, छत्री, ट्रॉली बॅग. कॅसरोल नको यावर पहिल्यांदाच एकमत झालं, कारण प्रत्येकाच्या माळ्यावर आपल्याच संस्थेचे दोन-दोन पडून आहेत.

सभासद ३४०. थोडे जास्तीचे धरून ३५० नग. नगामागे ६०० रुपये, त्यात जीएसटी आणि संस्थेचं नाव छापणं आलं. वार्षिक सर्वसाधारण सभा २२ सप्टेंबरला धरली आहे, म्हणजे माल ऑगस्टअखेर तपासून हातात हवा.

खरेदी उपसमितीत खजिनदार मॅडम आणि मी. मी मेन्टेनन्सचा, इलेक्ट्रिकलचा माणूस, त्यामुळे "यातलं तुलाच कळतं" म्हणून गळ्यात पडलं. अध्यक्षसाहेबांची एकच अट: "२० हजारवाला घ्या. शेजारच्या पतसंस्थेनं गेल्या वर्षी १० हजारवाला दिला होता." हे हजार रुपये नव्हेत, डब्यावर छापलेल्या क्षमतेचे, म्हणजे एमएएचचे.

नोंदी ठेवतोय त्या पुढच्या समितीसाठी. दरवर्षी आपण पहिल्यापासून सुरू करतो आणि दरवर्षी दरपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा जिंकतो.

३ जुलै

तीन दरपत्रकं आली. जीएसटीशिवायचे भाव:

अ: २०,००० एमएएच, ३१० रुपये.
ब: १०,००० एमएएच, ५०५ रुपये.
क: २०,००० एमएएच, ८९० रुपये.

मॅडमनी कागद बघून विचारलं, "अ आणि क मध्ये फरक काय? आकडा तर एकच आहे." फरक काय तेच शोधायचंय.

आधी हा आकडा म्हणजे काय ते लिहून ठेवतो. एमएएच (मिलिअँपिअर-अवर) हा विद्युतभाराचा आकडा आहे, ऊर्जेचा नाही. ऊर्जा काढायची तर त्याला व्होल्टेजनं गुणावं लागतं. टाकीत किती लिटर पाणी आहे ते सांगायचं, पण टाकी तळमजल्यावर आहे की गच्चीवर ते सांगायचंच नाही, असा हा प्रकार. पॉवर बँकेच्या आतला लिथियम सेल सरासरी ३.७ व्होल्टचा असतो आणि डब्यावरचा मोठा आकडा या ३.७ व्होल्टवरचा असतो. यूएसबीच्या भोकातून बाहेर येतात ५ व्होल्ट. म्हणजे आतलं सर्किट व्होल्टेज चढवतं, तेव्हा एमएएच आपोआप उतरतात, आणि सर्किट स्वतः गरम होतं त्यात थोडी ऊर्जा जाते ती वेगळीच.

१०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ३७ वॅट-अवर. हा खरा साठा. ५ व्होल्टवर काहीच नुकसान झालं नाही असं धरलं तर ७,४०० एमएएच. सर्किटची कार्यक्षमता ८५ ते ९० टक्के धरली तर हातात ६,३०० ते ६,६५० च्या आसपास. म्हणून चांगल्या कंपन्या डब्यावर मोठ्या अक्षरात १०,००० छापतात आणि खाली बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून सहा हजाराच्या आगेमागे काहीतरी लिहितात. यात फसवणूक नाही. सहा हजार हा आकडा वाचून जो दुकानदाराशी भांडायला जातो त्याचं भांडण चुकीच्या माणसाशी असतं.

त्यामुळे पहिला नियम: दरपत्रकात वॅट-अवर मागायचे. तिन्ही पुरवठादारांना फोन केला. ब वाल्यानं लगेच सांगितलं, ३७. क वाल्यानं ७४. अ वाला म्हणाला, "साहेब, वॅट म्हणजे फास्ट चार्जिंग ना? साडेबावीस वॅट लिहून देतो."

६ जुलै

शनिवार, अर्ध्या दिवसानंतर मॅडम आणि मी बाजारात. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या. पाऊस, छत्र्या, हातगाड्या, आणि प्रत्येक गाळ्यावर मोबाइल कव्हरांच्या माळा. अ चा नमुना इथूनच घेतला.

घाऊक बाजारात एक गोष्ट फार लवकर कळते. इथे क्षमता विचारली की उलट प्रश्न येतो: "अंदर का चाहिए या ऊपर का?" म्हणजे आतली खरी की वरची छापलेली. एका गाळ्यावर तर शेठनं एकच डबा तीन वेगवेगळ्या स्टिकरांत दाखवला, १०, २० आणि ३० हजार. डबा तोच, वजन तेच. यात त्याला लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. ज्याला जे विकायचंय त्याला ते स्टिकर. मॅडमनी विचारलं, "मग आत किती आहे?" तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, जेवढे पैसे तेवढं."

हे वाक्य लिहून ठेवलंय, उपयोगी पडेल असं वाटतं.

बिल मागितलं की भाव बदलतो. बिलाशिवाय ३१०, बिल हवं तर वर १८ टक्के आणि तेही 'मोबाइल ॲक्सेसरीज' असं मोघम. आपल्याला लेखापरीक्षणाला बिल लागतं आणि त्यावर वस्तूचं नाव, मॉडेल लागतं. (पॉवर बँकेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला. एका दुकानदारानं अजून २८ सांगून बघितलं.)

तिथून चालत नाही, टॅक्सीनं लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन. यूएसबी मीटर घेतला: व्होल्ट, अँपिअर, एमएएच आणि वॅट-अवर चारही दाखवणारा. वॅट-अवर न दाखवणारा स्वस्तात मिळतो, तो घेऊ नये. सोबत पंखा लावलेला छोटा लोड, म्हणजे पॉवर बँकेतून वीज ओढून ती रिकामी करणारं उपकरण, ज्यावर करंट ठरवून ठेवता येतो. मोबाइल लावून मोजता येत नाही, कारण मोबाइल भरत आला की स्वतःच करंट कमी करतो आणि माप बिघडतं.

ब चा नमुना आयातदाराच्या माणसानं कार्यालयात आणून दिला, गोदाम भिवंडीला आहे. क चाही आला.

८ जुलै

रात्रभर पाऊस, शहरात काही ठिकाणी पहाटेपर्यंत ३०० मिलिमीटरच्या वर. लोकल ठप्प. कार्यालयात आम्ही मोजकेच. अध्यक्षसाहेब कुर्ल्याच्या अलीकडे गाडीत अडकले आणि फोन मेला. दुपारी पोचल्यावर पहिलं वाक्य: "ती पॉवर बँक लवकर आणा." विषयाला आता वरून पाठबळ आहे.

१३ जुलै

मोजणी सुरू करण्याआधी वजन केलं. घरचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा.

अ: २१२ ग्रॅम.
ब: २१८ ग्रॅम.
क: ३९५ ग्रॅम.

इथेच बरंचसं कळून चुकलं. लिथियम सेल एका किलोत साधारण २०० ते २५० वॅट-अवर साठवतो. अगदी उदार होऊन २५० धरले तरी २० हजारवाल्याचे ७४ वॅट-अवर साठवायला नुसते सेलच २९६ ग्रॅमचे लागतात. अ चं अख्खं वजन, डबा, सर्किट, स्क्रू सगळं धरून, २१२. म्हणजे मीटर न लावताच तो खोटा आहे. आकड्याची चोरी स्टिकरनं झाकता येते, वजनाची झाकायला आत काहीतरी भरावं लागतं. वाळू किंवा लोखंडाचे तुकडे भरलेले नगही बाजारात निघतात, त्यामुळे वजन जुळलं म्हणजे माल खरा असं मात्र नाही. वजन कमी भरलं तर खोटा, एवढंच नक्की.

गोल सेल असतील तर आणखी एक हिशेब. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. या मापाचा चांगल्यात चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास जातो, नेहमीचे २,००० ते २,६००. तेव्हा २० हजार म्हणजे अडीच हजाराचे आठ सेल, चांगल्यात चांगले असले तरी सहा. सहा सेलही ज्या डब्यात मावत नाहीत तो २० हजारचा नाही. ब मध्ये चपटा पॉलिमर सेल आहे, त्याला हा नियम लागत नाही. चपट्या सेलवर मापाचा नंबर असतो: १२६०११० म्हणजे १२ मिलिमीटर जाड, ६० रुंद, ११० लांब, आणि असा सेल साधारण १०,००० एमएएचचा असतो. वरून डब्याची जाडी बघूनही अंदाज येतो.

दुपारी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी तपासली. पॉवर बँकेला भारतात नोंदणी सक्तीची आहे. डब्यावर मानकाचा क्रमांक आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकडे हवेत. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कुणाची नोंदणी, कुठल्या कारखान्याची, कुठल्या वस्तूची ते दिसतं. ब आणि क दोन्ही जुळले, ब्रँड आणि मॉडेलसकट. अ वर क्रमांक होता. ॲपनं तो दुसऱ्याच कंपनीच्या मोबाइल चार्जरचा दाखवला.

मॅडम म्हणाल्या, "मग ज्याच्यावर खरा नंबर आहे त्याची क्षमताही खरी." नाही. ही नोंदणी सुरक्षिततेच्या मानकाची आहे: शॉर्ट झाला तर काय, तापला तर काय. १० हजार छापलंय तर आत १० हजारच आहेत की नाही, याची हमी तो क्रमांक देत नाही. नोंदणी नसेल तर माल घ्यायचाच नाही, आणि असेल तर मोजणी टाळायची नाही.

२० जुलै

तिन्ही नमुने पूर्ण चार्ज करून, एक रात्र ठेवून, ५ व्होल्टवर १ अँपिअरच्या लोडनं रिकामे केले. बंद पडेपर्यंत मीटरवर आलेले वॅट-अवर:

अ: १९.३
ब: ३१.६
क: ६२.५

ब चे ३७ पैकी ३१.६ बाहेर आले, ८५ टक्के. क चे ७४ पैकी ६२.५, जवळपास तेवढेच. दोघंही आपापल्या आकड्याला जागले. अ चे उलट गणित मांडलं तर आतला साठा २२ वॅट-अवरच्या आसपास, म्हणजे ६,००० एमएएच. छापलेत २०,०००.

मग २ अँपिअरवर. ब ३०.४ वर आला, थोडा कोमट झाला. करंट वाढला की कार्यक्षमता उतरते, हे अपेक्षितच. अ चं व्होल्टेज ४.५ पर्यंत पडलं, डबा हाताला चटका बसेल इतका तापला आणि १६ वॅट-अवरवरच बंद. डब्यावर २.१ अँपिअर छापलेलं आहे.

इन्स्ट्रुमेंट विभागातल्या सहकाऱ्यानं अ उघडला. पूर्ण रिकामा करून, वर्कशॉपच्या बाहेर मोकळ्यावर, बाजूला वाळूची बादली. (हे घरी करू नये. भरलेल्या लिथियम सेलला स्क्रूड्रायव्हर लागला तर विझवायला वेळ मिळत नाही.) आत १८६५० चे चार सेल. निळं कोरं प्लास्टिक, नाव नाही. प्लास्टिक सोलल्यावर खाली जुन्या पत्र्याच्या वेल्डिंगचे ठिपके, म्हणजे लॅपटॉपच्या किंवा कुठल्यातरी मोडीत निघालेल्या बॅटरीतून काढून पुन्हा गुंडाळलेले. त्यानं एक सेल वेगळा मोजला: दीड हजार. चार दीडके सहा. मीटरचा हिशेब बरोबर निघाला.

रात्री सहज भावाला वॅट-अवरनं भागून बघितलं आणि हे मात्र अपेक्षित नव्हतं.

अ: ३१० भागिले १९.३, एका वॅट-अवरला १६ रुपये.
ब: ५०५ भागिले ३१.६, १६ रुपये.
क: ८९० भागिले ६२.५, सव्वाचौदा रुपये.

म्हणजे स्वस्त वाटणारा अ स्वस्त नाहीच. जुन्या मोडीच्या सेलना आपण नव्या सेलचाच भाव देत होतो. त्या शेठचं वाक्य शब्दशः खरं होतं, जेवढे पैसे तेवढं. खरा आकडा बाजारात सगळ्यांना माहीत असतो, कारखान्यापासून गाळ्यापर्यंत, आणि भाव त्याच आकड्यावर ठरतो. छापलेला आकडा फक्त शेवटच्या माणसासाठी असतो, आणि इथे शेवटचा माणूस म्हणजे आपला सभासद.

२७ जुलै

संचालक मंडळासमोर मांडलं. कोष्टक दाखवलं, उघडलेला अ टेबलावर ठेवला. अध्यक्षसाहेबांनी सेल हातात घेऊन बघितले आणि म्हणाले, "पण लोक विचारणार, शेजारच्यांनी १० दिला, तुम्हीही १०?"

क घ्यावा का यावर बरीच चर्चा. वॅट-अवरला तोच सगळ्यात स्वस्त, पण जीएसटीसह १,०५० रुपयांवर जातो. शिवाय ३९५ ग्रॅम. आपले निम्मे सभासद निवृत्तीला आलेले, विरार-कल्याणहून उभ्यानं येणारे. एवढं वजन ते रोज पिशवीत टाकणार नाहीत, ते घरी टीव्हीमागे राहणार. ब २१८ ग्रॅमचा, खिशात नाही तरी पिशवीत चालतो.

एका संचालकांनी विमानाचं विचारलं, त्यांचा मुलगा बाहेर असतो. १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक हातातल्या बॅगेत नेता येते, चेक-इन सामानात अजिबात नाही. १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते. ब आणि क दोन्ही चालतील. बाजारात २७ हजारचा एक प्रकार दिसतो तो याच मर्यादेमुळे, त्याचे वॅट-अवर ९९.९ येतात. विमानतळावर एमएएच नाही, वॅट-अवर बघतात, आणि डब्यावर ते वाचता आले पाहिजेत. अ वर ते नव्हतेच.

मग "याच्यात फोन किती वेळा होणार?" हा खरा प्रश्न. आजकालचा ५,००० एमएएचचा फोन म्हणजे सव्वाएकोणीस वॅट-अवरच्या आसपास. ब मधून ३१.६ निघतात, त्यातले केबल आणि फोन स्वतः तापण्यात आणखी दहा-पंधरा टक्के जातात. उरले २७. म्हणजे एकदा पूर्ण आणि वर चाळीस टक्के. दहा भागिले पाच बरोबर दोन, असं सभासद धरणार, म्हणून भेटीसोबतच्या चिठ्ठीत 'साधारण सव्वा ते दीड वेळा' असं लिहायचं ठरलं. सचिवांना वाटलं की असं लिहिलं तर भेट लहान वाटेल. मॅडम म्हणाल्या, "नाही लिहिलं तर ३४० फोन मला येतील." लिहायचं ठरलं.

ब मंजूर. ५०५ अधिक १८ टक्के, ५९५ रुपये ९० पैसे. ३५० नगांचे २,०८,५६५. छपाई त्यातच.

३ ऑगस्ट

खरेदी आदेश गेला. नेहमीचा आपला आदेश दोन ओळींचा असतो: अमुक नग, अमुक भाव, लवकर पाठवावे. या वेळी अटी घातल्या, त्या पुढच्या समितीनं तशाच उचलाव्यात.

मॉडेल क्रमांक आणि नोंदणी क्रमांक नमुन्याप्रमाणेच. डब्यावर ३७ वॅट-अवर छापलेलं. पूर्ण चार्ज केल्यावर ५ व्होल्ट, १ अँपिअरवर किमान ३० वॅट-अवर बाहेर आले पाहिजेत, कुठल्याही नगात. ही अट एमएएचमध्ये मुद्दाम लिहिली नाही, कारण एमएएच म्हटलं की 'कुठल्या व्होल्टेजवर' हा वाद राहतो आणि त्या वादात खरेदीदार कधी जिंकत नाही. नगाचं वजन नमुन्यापेक्षा ५ ग्रॅमहून जास्त कमी-अधिक नको. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार हे लागतंच, पण लिहिलेलं बरं. बिलावर '१०,००० एमएएच / ३७ वॅट-अवर पॉवर बँक' असं स्पष्ट.

चाळीस टक्के आगाऊ, बाकी तपासणीनंतर. अटीत न बसलेला माल दहा दिवसांत बदलून.

आयातदाराच्या माणसानं आदेश वाचला आणि विचारलं, "साहेब, तुम्ही आधी कुठे खरेदी विभागात होता का?" भावात दोन रुपये उतरायला मात्र तयार नव्हता.

२१ ऑगस्ट

माल आला. ५० नगांची सात खोकी. बिल नीट, शिक्का नीट, संस्थेचं नाव नीट छापलेलं, 'मर्यादित' मधली पहिली वेलांटी जागेवर. (२०२१ च्या छत्र्या आठवाव्यात.)

आता किती नग तपासायचे? पाच पुरे, असं सगळ्यांचं म्हणणं. हिशेब असा: दहात एक नग खराब आहे असं धरलं आणि पाच उचलले, तर पाचही चांगलेच निघण्याची शक्यता ५९ टक्के. म्हणजे खराब माल निम्म्याहून जास्त वेळा सुटणार. वीस उचलले तर सुटण्याची शक्यता १२ टक्क्यांवर येते. म्हणून प्रत्येक खोक्यातून तीन, वरचा, मधला आणि तळाचा. एकूण एकवीस. एका नगाला १ अँपिअरवर सहा तासांहून जास्त लागतात, त्यामुळे सहकाऱ्याकडून आणखी लोड आणि मीटर उसने आणले.

वजन मात्र सगळ्यांचं करायचं. त्याला वेळ लागत नाही. शिपाईमामा काट्यावर ठेवणार, मॅडम वाचणार, मी लिहिणार.

२४ ऑगस्ट

सहा खोक्यांत वजन २१६ ते २२० ग्रॅम. पाचव्या खोक्यात १८१ ते १८४. पन्नासच्या पन्नास.

बाहेरून काही फरक नाही. तोच डबा, तेच स्टिकर, तोच नोंदणी क्रमांक, तेच ३७ वॅट-अवर. पाच नग उचलून तपासले असते तर या खोक्याला हातही न लागण्याची शक्यता बरीच होती. त्यातले तीन नग मोजले: २५.२, २५.४, २५.३ वॅट-अवर. बाकीच्या सहा खोक्यांतले अठरा नग ३१ च्या वर. ८५ टक्क्यांनी उलट काढलं तर पाचव्या खोक्यातला सेल ८,००० एमएएचचा.

खोटा म्हणावा असा हा माल नाही. सेल नवे आहेत, तापत नाहीत, तिन्हींचं माप एकमेकांशी जुळतं. फक्त वीस टक्के कमी. आयातदाराला फोन केला. आधी "असं होणार नाही साहेब," मग "तुमचा मीटर कुठला?", मग मी वजनं वाचून दाखवल्यावर थोडा वेळ शांतता आणि "मी गोदामात विचारतो." संध्याकाळी उत्तर आलं: कारखाना एकाच डब्यात दोन क्षमतेचे सेल भरतो, आठवाला माल दुसऱ्या गिऱ्हाइकाचा होता, खोकं बदललं गेलं. मग आठवाल्यावर दहाचं स्टिकर कसं, हे मी विचारलं नाही. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकानं विचारायला हवं.

वजनाची अट आदेशात नसती तर हे संभाषण वेगळं झालं असतं.

२ सप्टेंबर

पाचवं खोकं बदलून आलं. २१७ ते २१९ ग्रॅम, तीन नग मोजले, तिन्ही ३१ च्या वर. बाकी साठ टक्के रक्कम चुकती.

३५० नग म्हणजे पूर्ण भरले तर तेरा युनिट वीज एका कपाटात. येतात ते अर्धवट चार्ज असतात आणि तसेच ठेवायचे, वाटण्याआधी भरून ठेवू नयेत. लोखंडी कपाट, जमिनीपासून वर, ओल लागणार नाही अशी खोली. खालच्या मजल्यावर गणपतीच्या मखराचं सामान ठेवलंय, थर्माकोल-कापड. तिथे अजिबात नको, हे शिपाईमामांना दोनदा सांगितलं.

११ सप्टेंबर

गणपतीत कामं बंदच, पण एक संचालक नमुना घरी घेऊन गेले होते. त्यांच्या मुलाकडे मीटर आहे. सकाळी फोन: "अहो, हा तर ३,३४० च दाखवतो! आपण फसलो."

मीटरचा फोटो मागवला. व्होल्ट ९. त्यांचा फोन फास्ट चार्जिंगवाला, त्यानं पॉवर बँकेकडून ५ ऐवजी ९ व्होल्ट मागून घेतले. व्होल्टेज चढलं, एमएएच तेवढे उतरले. त्याच फोटोत खाली वॅट-अवर ३०.१ होते. ३,३४० गुणिले ९ करून त्यांना फोनवरच हिशेब करायला लावला. झाला.

उद्या एखादा सभासद हाच फोटो सभेत दाखवणार, म्हणून चिठ्ठीत एक ओळ वाढवली: 'मोजायचे असल्यास वॅट-अवर पाहावेत.' आणखी एक ओळ घातली, ब्लूटूथ इअरफोनसारखी अगदी कमी करंट घेणारी वस्तू लावली तर पॉवर बँक आपोआप बंद होते, तो बिघाड नाही. हे आम्हाला तपासताना दिसलं होतं.

२२ सप्टेंबर

वार्षिक सभा. अहवाल, ताळेबंद, लाभांश, नेहमीचे दोन सभासद आणि त्यांचे नेहमीचे प्रश्न. भेटीच्या विषयावर पाठीमागून आवाज आला: "बाहेर ३०० रुपयांत २० हजारचा मिळतो, तुम्ही ६०० ला १० हजारचा घेतला. हिशेब द्या."

अध्यक्षसाहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. स्वतः उठले, खिशातून अ चे ते चार सेल काढले (कधी उचलले कुणास ठाऊक) आणि वॅट-अवरपासून सुरुवात केली. ३७ गुणिले ८५ टक्के त्यांनी तोंडी केलं. शेवटी म्हणाले, "शेजारच्यांच्या पॉवर बँकेचं वजन करून बघा." हशा. ठराव मंजूर.

सेल त्यांच्याकडून परत घेतले. ई-कचऱ्यात द्यायचे आहेत, खिशात फिरवायचे नाहीत.

५ ऑक्टोबर

३३१ नग वाटले. बाकी सभासदांचे नग बाजूला, सहीच्या यादीसह. जास्तीचे दहा बदलीसाठी. आतापर्यंत दोन परत आले: एकाचं बटण दाबलं जात नाही, दुसऱ्यात काहीच बिघाड नव्हता, केबल खराब होती. कपाटातले नग दर तीन महिन्यांनी बघून अर्ध्यापर्यंत भरायचे, पूर्ण रिकामे पडू द्यायचे नाहीत. पुढची तारीख ४ जानेवारी, शिपाईमामांच्या वहीत लिहिली.

मीटर, लोड आणि काटा खजिनदार मॅडमकडे सही घेऊन दिला. काटा माझ्या घरचा आहे, तो परत हवा.